आभाराच्या पानावरच्या बायका

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट आहे. फिकट जांभळं कव्हर, त्यावर डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईचं चित्र. विषय, ग्रामीण स्त्रियांचं बिनपगारी काम. त्यातल्या तक्त्यांमधले आकडे आम्ही सहा मुलींनी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अडीच महिने फिरून गोळा केले होते, आणि आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय, 'क्षेत्रीय पथकातील भगिनींचे मनःपूर्वक आभार'. बस, एवढंच. सहा जणी मिळून एक शब्द, भगिनी.

गेल्या महिन्यात त्या सहातल्या एकीचा फोन आला. ती एका ठिकाणी नोकरीसाठी अर्ज करत होती आणि अनुभवाचा काहीतरी कागद हवा होता, म्हणाली अगं रिपोर्टमध्ये माझं नाव कुठंतरी असेलच ना, बघ ना जरा. मला माहीत होतं नाहीये ते, तरी फोन कानाला लावून मी सगळी पानं चाळली, तक्ते, परिशिष्टं, मागचं प्रश्नावलीचं पान सुद्धा. मग तिला सांगितलं. ती म्हणाली, असू दे गं, आणि मुलाच्या शाळेचं बोलायला लागली. त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

सर्व्हे कसा होता ते आधी सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. वेळेचा वापर मोजायचा असतो त्यात. समोरच्या बाईला विचारायचं की काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत काय काय केलंत, आणि दर अर्ध्या तासाला एक रकाना, म्हणजे दिवसाचे ४८ रकाने. सरकारचा देशभराचा टाइम यूज सर्व्हे २०१९ मध्ये पहिल्यांदा झाला, त्याची पद्धत हीच. त्यात निघालं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष हे काम करतात ते ९७ मिनिटं. जे करतात ते, हे नीट वाचा, कारण दिवसभरात असं काही काम केलेले पुरुष होते २६ टक्के आणि बायका ८१ टक्के. २०२४ ला परत मोजलं तेव्हा २८९ आणि ८८ आलं. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ.

आता ही मिनिटं येतात कुठून? ती बाई घड्याळ लावून बसलेली नसते. एका वस्तीवरची एक वहिनी मला आजही डोळ्यासमोर दिसते, पत्र्याच्या घराच्या सावलीत पाय पसरून बसलेली, मी विचारलं काल काय केलं तर म्हणाली, "काय करती ताई मी, घरीच असती की." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळायचं, आणि इथून पुढे खरं काम सुरू व्हायचं. उठलात किती वाजता? एसटी जायच्या आधी का नंतर? पाणी कुठून आणलं, किती खेपा? भाकरी किती थापल्या? सात माणसांच्या. शेरडांना कोणी सोडलं? असं खणत खणत दहाच्या रकान्यापर्यंत आलो तर ती म्हणाली तवा मी बसलीच हुती. मी विचारलं, बसून काय करत होता? तर म्हणाली मटकी निवडत हुती. आणि बाळ? बाळ झोळीत, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय हलवत राहायचं आणि हाताने मटकी निवडायची आणि कान शेरडांच्या आवाजाकडे. हे तिच्या हिशोबात 'बसली होती'. माझ्या फॉर्ममध्ये मुख्य काम म्हणून एकच कोड लिहायचा होता, मी तीन लिहिले आणि बाजूला पेन्सिलीने दोरीचं लिहिलं.

एका फॉर्मला तास-दीड तास लागायचा. मध्येच सासू यायची, नवरा यायचा आणि तिच्या वतीने उत्तरं द्यायला लागायचा, त्याला गोड बोलून बाजूला न्यायचं. हे सगळं कौशल्य आहे, शिकावं लागतं, आणि ते कुठल्याही पद्धतीशास्त्राच्या पुस्तकातून आम्हाला आलं नव्हतं, आयांच्या मावश्यांच्या घोळक्यात बसून आलं होतं. त्या सर्व्हेला मुलीच घेतल्या होत्या त्याचं कारणच ते, की बायका बायकांशी बोलतात.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या एका खोलीत राहायचो. आमच्याबरोबर दोन मुलगे होते, टॅब आणि जीपीएसचं बघायचे आणि गाडीचं ठरवायचे. परत आलो की स्टोव्ह आम्ही पेटवायचो. कोणी सांगितलं नव्हतं, वाद पण झाला नाही कधी, ते दोघे चांगले होते, अजूनही संपर्कात आहेत. पण रोज आठ जणांचा स्वयंपाक, भांडी, आणि मग कंदिलाखाली, म्हणजे लाइट गेलेली असायची बऱ्याचदा, दिवसभराचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून कागदावर उतरवणं. प्रोजेक्टचे प्रमुख असलेले सर भेटीला यायचे तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी भाजी. अडीच महिने आम्ही बायकांचं न मोजलेलं काम मोजत होतो आणि त्या अडीच महिन्यांत आमच्या स्वतःच्या एका दिवसाचे ४८ रकाने भरावेत असं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. मला तर हे सुचायला दहा वर्षं लागली.

रिपोर्टचं प्रकाशन पुण्यात झालं. सरांनी मटकीची आणि झोळीच्या दोरीची गोष्ट सांगितली, फार छान सांगितली, सभागृह गप्प झालं होतं. मी चौथ्या रांगेत होते. ते म्हणाले, 'मी एका वस्तीवर पाहिलं'. त्या वस्तीवर ते आले नव्हते. हे मी त्यांना दोष द्यायचा म्हणून लिहीत नाहीये, त्यांना या विषयाची खरीच कळकळ होती आणि आहे. त्यांनी रिपोर्ट लिहिला, मेहनत घेतली, सरकारी ऑफिसांत खेटे घातले. पण माझी पेन्सिलीची नोंद त्यांच्या तोंडी 'मी पाहिलं' झाली, आणि त्या दोन मुलांची नावं संशोधन सहाय्यक म्हणून आतल्या पानावर आली, आम्ही भगिनी झालो. कारण कागदोपत्री त्यांचं कंत्राट महिन्याचं होतं आणि आमचं रोजावर. असं का ठरलं होतं विचारलं तर कोणाकडेच उत्तर नसेल, ते तसंच ठरतं.

नावाचं एवढं काय, असं माझ्या घरचेही म्हणायचे. तर नावाचं असं आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे एखाद्या पेपरचे जे गुण असतात त्यात दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के मिळतात आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. या गुणांवर इंटरव्ह्यूचा कॉल येतो, प्रमोशन होतं. आभाराच्या पानाला शून्य. म्हणजे ओळ बदलली की पगार बदलतो, गाव बदलतं, कधीकधी पोरीचं लग्न आधी का पीएचडी आधी हे पण बदलतं. मी स्वतः सात वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवत, काढलीत, तासाच्या हिशोबाने पगार आणि तो पण मार्चनंतर एकदम, तेव्हा प्रत्येक अर्जात 'प्रकाशने' नावाचा तो रकाना रिकामा सोडताना कसं वाटतं मला माहितीये.

हेदर सार्सन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईने अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा अभ्यास केला होता, तो वाचला तेव्हा मला रात्री झोप नव्हती. एकटीने पेपर लिहिणाऱ्या बायकांना आणि एकट्याने लिहिणाऱ्या पुरुषांना कायम नोकरी मिळायची शक्यता साधारण सारखीच. पण सोबत लिहिलेल्या पेपरांचं श्रेय पुरुषाला मिळतं तेवढं बाईला मिळत नाही, आणि सहलेखक पुरुष असले की जास्तच फटका. अर्थशास्त्रात नावं आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावतात, त्यामुळे कोणी किती केलं ते कळत नाही, आणि कळत नाही तिथे लोक धरून चालतात की मुख्य डोकं त्याचं असणार. समाजशास्त्रात नावं कामाच्या प्रमाणात लावायची पद्धत, तिने तिथे पण बघितलं आणि तिथे हा फरक तिला दिसला नाही. हे वाचून मला केवढा धीर आला सांगू. म्हणजे लोकांची मनं बदलायची वाट बघत बसायला नको, कोणी काय केलं ते स्पष्ट लिहून टाकलं तरी बराच फरक पडतो.

आणि विषयच स्त्री-पुरुष समानता असेल तर आणखी एक अडचण. २०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, एकच बायोडेटा, काहींना दिला जॉन नावाने आणि काहींना जेनिफर नावाने, लॅब मॅनेजरच्या नोकरीसाठी. विज्ञानाच्या प्राध्यापकांनी जॉनला जास्त लायक ठरवलं आणि पगारही जास्त देऊ केला, आणि असं करण्यात बायका प्राध्यापकही होत्या. हा प्रयोग पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याच्या पुढचं कमी सांगितलं जातं. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी याच पेपरचा सारांश लोकांना वाचायला दिला आणि विचारलं हे संशोधन कितपत चांगलं वाटतं. पुरुषांनी बायकांपेक्षा कमी मार्क दिले, आणि विज्ञान शाखांमधल्या पुरुष प्राध्यापकांमध्ये हा फरक ठळक होता. म्हणजे भेदभाव आहे असं सांगणारा पुरावाच कच्चा वाटतो, आणि कोणाला कच्चा वाटतो तेही ठरलेलं. मग २०१८ मध्ये तीन संशोधक बायकांनी लिंगभावाच्या पूर्वग्रहावरचे पेपर आणि वंशाच्या पूर्वग्रहावरचे पेपर शेजारी ठेवून तपासले, तर लिंगभावाच्या पेपरांना निधी कमी वेळा मिळालेला आणि ते छापून आलेत ते कमी वजनाच्या जर्नल्समध्ये.

हे तिकडचं झालं, पण इकडे माझ्या कानावर रोज काय पडतं? 'जेंडरवर करताय का, बरं आहे, सोपं असतं.' 'त्यात डेटा कुठे असतो मॅडम, अनुभवच असतात.' स्टाफरूममध्ये एकाने तर मला अगदी आपुलकीने सल्ला दिला की पीएचडीनंतर विषय बदला, नाहीतर शिक्का बसेल.

शिक्का बसायला हा विषय काय काल जन्माला आलाय? १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं, हातात डिग्री नाही, मागे संस्था नाही, सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावर वर्तमानपत्रांतून जी काय चिखलफेक चालली होती ती वाचून पेटून लिहिलं. नाव बघा ना, तुलना. दोन बाजू शेजारी ठेवून मोजायच्या, हेच तर आम्ही आजही करतो. जोतीरावांनी बाजू घेतली, बाकीच्यांनी झोडपलं, त्यानंतर ताराबाईंनी दुसरं पुस्तक छापलेलं नाही. आणि ते पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालशेंनी शोधून परत छापलं तेव्हा आपल्या पिढ्यांना मिळालं. मालशेंचे उपकार मी मानते, मनापासून. पण मधली नव्वद वर्षं ते पुस्तक कोणाच्या संदर्भसूचीत का नव्हतं, हा प्रश्न पण पडतोच.

विद्यापीठांमध्ये हा विषय आला तो १९७४ च्या आसपास. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी देशातलं पहिलं स्त्री अभ्यास केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षअखेर स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल आला, ज्यात १९०१ ला हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या त्या १९७१ ला ९३० वर आल्याचं सगळ्यांच्या समोर ठेवलं गेलं. १९८१ ला स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद पण मुंबईत एसएनडीटीतच भरली. पुणे विद्यापीठाचं केंद्र १९८७ चं. म्हणजे महाराष्ट्रातल्या बायकांनी हा विषय अक्षरशः उभा केलाय. आणि आजही यातली कित्येक केंद्रं योजनेच्या पैशावर, कंत्राटी माणसांवर, म्हणजे कंत्राटी बायकांवर चालतात. दर काही वर्षांनी मुदतवाढ येणार का नाही यावर तिथल्या बायकांचा श्वास अडकलेला असतो. बायका शिकत नाहीत म्हणून असं होतं, असंही आता म्हणता येणार नाही. देशात पीएचडी करणाऱ्या मुली २०१४-१५ ला ४८ हजारांच्या आसपास होत्या, २०२१-२२ ला ९९ हजारांच्या जवळ गेल्या, एकूण २ लाख १२ हजारांपैकी. मुली आल्यात. त्या कुठल्या ओळीत बसतात एवढंच बघायचंय.

यात मी स्वतः पण एका वरच्या पायरीवर उभी आहे, हे मला उशिरा दिसलं. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून ऐकून. ज्या बायकांचं नाव कुठल्याच इतिहासात नव्हतं त्यांची नावं त्यात आहेत, पूर्ण नावं, गावासकट. आणि समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी पुण्यात वर्षानुवर्षं हेच लावून धरलं की दलित बाई फक्त माहिती देणारी का, ती विचार मांडणारी का नाही? मी त्या वस्तीवरच्या वहिनीचं बोलणं लिहून आणलं, सरांनी ते माझ्याकडून घेतलं, आणि माझ्या मनात राग राहिला तो माझ्या नावाचा. तिच्याकडून मी काय घेतलं याचा विचार मी त्या अडीच महिन्यांत केला नव्हता. तिची मटकी तीन भाषणांत गेली असेल, तो रिपोर्ट तिच्या गावात कधी पोचला नाही.

पुरुषांनी या विषयात यायला पाहिजे, आणि पुष्कळ यायला पाहिजे, हे मी ठामपणे म्हणते. मुंबईत 'मावा' ही संस्था बायकांवरच्या हिंसेविरोधात १९९३ पासून पुरुषांबरोबर काम करतेय, हरीश सदानींसारखी माणसं आयुष्यभर यात आहेत. माझ्या वर्गात चाळीसात तीन मुलगे असतात आणि त्यांच्यातला एक तरी दर वर्षी असा निघतो की जो घरी जाऊन आईच्या दिवसाचे ४८ रकाने भरून आणतो आणि मग आठवडाभर गप्प असतो. पण होतं काय, की चर्चासत्र असलं की त्या तिघांतल्या एकाला लगेच स्टेजवर बोलावलं जातं, मुलगा असून या विषयावर बोलतो म्हणून टाळ्या, आणि सदतीस मुली नोंदणीच्या टेबलावर, फोल्डर भरायला, चहाचे कूपन वाटायला. ८ मार्चला तर विचारू नका. रांगोळी, औक्षण, सूत्रसंचालन, इतिवृत्त सगळं बायकांकडे आणि अध्यक्षीय भाषण... तुम्हाला माहितीच आहे. दोन वर्षांपासून आमच्याकडे मी नियम केलाय, इतिवृत्त आळीपाळीने, नोंदणी टेबल आळीपाळीने, यादी भिंतीवर. पहिल्या वेळी एका मुलाने विचारलं, मॅडम इतिवृत्त म्हणजे नक्की काय लिहायचं असतं? आणि एका मुलीने त्याला शेजारी बसून शिकवलं, अर्धा तास. तो अर्धा तास पण मी वहीत लिहून ठेवला.

आता माझं स्वतःचं एक छोटं प्रोजेक्ट आहे. पाच जणी आणि एक मुलगा फिल्डवर आहेत. पहिल्याच मीटिंगला आम्ही एक तक्ता केला, प्रश्नावली कोणी केली, किती मुलाखती कोणी घेतल्या, कोणी उतरवल्या, विश्लेषण कोणाचं, आणि लेखकांचा क्रम त्या तक्त्यावरून लावायचा, माझं नाव कुठे येईल तेही त्यावरूनच. फिल्डवर स्वयंपाकाची पाळी लावलीय. आणि ज्या बायका बोलल्या त्यांच्या वस्तीवर जाऊन निष्कर्ष आधी त्यांना वाचून दाखवायचे, छापायच्या आधी. त्यांतल्या दोघींनी सांगितलंय आमचं नाव टाका, बाकीच्यांना नकोय, तसंच होईल.

एकच गाडं अडलंय. मुलाखती उतरवून काढायच्या कामाचे पैसे मी मागितलेत, आणि अकाउंट्सवाले म्हणतात त्याला हेडच नाही, म्हणजे बजेटमध्ये तसं खातंच नाही. प्रवासाला हेड आहे, स्टेशनरीला आहे, पाहुण्यांच्या हार-शालीला सुद्धा आहे. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला आमच्या मुलींना सरासरी पाच तास लागतात, बोली असेल तर सहा, मी एकेकीच्या शेजारी बसून मोजलंय. १२० मुलाखती आहेत. क्लार्क दादा चांगले आहेत, ते म्हणाले मॅडम आजपर्यंत कोणी मागितलेच नाहीत हो हे पैसे, कुठे टाकू? मंगळवारी वित्त समितीची मीटिंग आहे. तासांचा तक्ता घेऊन जातेय, सगळ्यांच्या नावासकट. आणि माझ्या त्या मैत्रिणीला अनुभवाचं पत्र मी लिहून दिलंय, अडीच महिने, सहा वस्त्या, तिने घेतलेल्या ७१ मुलाखती, तिच्या जुन्या वह्यांमधून आम्ही दोघींनी मोजून काढल्या.